वाळू आपली, धातू कोणाचा?

लहानपणी गणपतीत वीज गेली की मंडपात पेट्रोमॅक्स पेटायची. एक काका पंप मारत, आणि ती पांढरी जाळी झळाळली की आम्ही मुले टाळ्या पिटायचो. त्या जाळीत थोरियमबरोबर शेकडा एक भाग सिरियम असते, हे पुढे डिप्लोमा करताना समजले. त्या सिरियमच्या कुळाची ही हकिकत.

सिरियम, लँथेनम, निओडिमियम वगैरेंना ‘दुर्मिळ मृदा धातू’ म्हणतात. नाव फसवे आहे. सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. अडचण निराळीच. हे धातू ऑक्सिजनला घट्ट धरून बसतात. तांब्याचा मुलामा चढवतात तसे त्यांचे क्षार पाण्यात विरघळवून वीज सोडली, तर धातूऐवजी पाण्यातला हायड्रोजनच सुटतो. म्हणून पाणी वगळायचे, क्षारच तापवून वितळवायचा आणि त्यातून वीज न्यायची. ही वाट १८०७ साली हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून पोटॅशियम काढून दाखवली होती.

१८७५ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला, बुन्सेनच्या प्रयोगशाळेत हिलेब्रँड आणि नॉर्टन यांनी याच वाटेने वितळलेल्या क्लोराइडमधून सिरियम व लँथेनम काढले. तेव्हा एक वाद चालू होता. सिरियमचा अणुभार ९२ मानत. मेंडेलीव्ह म्हणे, आवर्तसारणीप्रमाणे तो १३८ च्या आसपास हवा. निकाल लावायचा तर धातूची विशिष्ट उष्णता मोजायला हवी, आणि त्यासाठी चांगला धातू हाती हवा. हिलेब्रँडने ती मोजली आणि मेंडेलीव्ह खरा ठरला.

बुन्सेनचाच विद्यार्थी, ऑस्ट्रियाचा आउअर फॉन वेल्सबाख, याने गॅसबत्तीची जाळी बनवली. जाळीसाठी मोनाझाइट वाळूतून थोरियम काढून घेत. सिरियम आणि त्याचे भाऊबंद मागे पडून राहत. १९०३ मध्ये त्याने सिरियम-लोखंडाच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. तोच लायटरचा खडा! त्यासाठी लागणारा धातू वितळलेल्या क्लोराइडमधूनच विजेने निघू लागला. टाकाऊ मालाचा कारखाना झाला.

ही वाळू आपल्याकडेही होती. १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट सापडले, आणि ते बोटींनी परदेशी जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली आणि केरळात आलुव्याला वाळूवर प्रक्रिया सुरू झाली. वाळू देशात राहू लागली, पण क्षारापासून धातूपर्यंतचा शेवटचा टप्पा मोठ्या प्रमाणावर काही उभा राहिला नाही.

त्याची किंमत आता कळते. १९८० च्या दशकात निओडिमियमचे जबरदस्त चुंबक आले; आज विजेवरच्या गाड्या आणि पवनचक्क्या त्यांच्यावर चालतात. हे निओडिमियम वितळलेल्या फ्लोराइडच्या कुंडात, हजार अंशांहून अधिक तापमानाला, विजेने काढतात. त्यातले बहुतेक चीनमध्ये निघते. २०२५ मध्ये चीनने अशा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपले गाड्यांचे कारखानदार हवालदिल झाले.

वाळू असणे ही देवाची कृपा. तिचा धातू करणे हे माणसाचे काम. आपल्या मंडळातली जी मुलेमुली आयटीआयला, डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला जातात, त्यांनी कॉम्प्युटरबरोबर या तापलेल्या कुंडाकडेही एकदा पाहावे. शंभर वर्षांपूर्वी सुटलेली बोट पुन्हा सुटू नये.