शब्दांवाचून नाट्यपद : पेटीवादनातील पाठ आणि अर्थनिर्णय

प्रस्तावना

एखादी लोकप्रिय रचना वाद्यावर 'बसविणे' हा शब्दप्रयोग संगीतवर्गांत सर्रास केला जातो. त्यात एक गृहीतक दडलेले आहे. रचना आधीपासून पूर्ण व निश्चित स्वरूपात अस्तित्वात असते आणि वादकाने ती केवळ बोटांत उतरवायची असते, असे ते गृहीतक होय. मराठी नाट्यपदे हार्मोनियमवर, म्हणजे मराठी रसिकांच्या भाषेत पेटीवर, वाजविण्याची जी परंपरा विसाव्या शतकात आकारास आली, तिच्याकडे पाहिले असता हे गृहीतक टिकत नाही. प्रस्तुत लेखात या परंपरेचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, युरोपातील पियानोवादनाच्या इतिहासाशी तिची आवश्यक तेथे तुलना केली आहे. तुलनेचे कारण साधे आहे. पियानो आणि पेटी या दोन्ही वाद्यांपुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत एकच प्रश्न उभा राहिला : पट्ट्यांच्या वाद्याने गावे कसे?

युरोपातील पूर्वपीठिका

पियानोच्या तारेवर हातोडी आदळताच स्वर उमटतो आणि लगेच क्षीण होऊ लागतो. उमटलेला स्वर फुगविणे किंवा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेणे वादकाच्या हाती नसते. असे असूनही स्वच्छंदतावादी कालखंडातील पियानोरचनाकारांचा आदर्श गायकाचा कंठच होता. फ्रेडरिक शोपँ आपल्या शिष्यांना इटालियन ऑपेरातील थोर गायक-गायिका ऐकण्यास सांगत असे. फ्रांझ लिस्टने शूबर्टची गीते शब्द वगळून केवळ पियानोसाठी लिहून काढली. शूबर्टचे १८१५ मधील 'एर्लक्योनिग' हे गीत त्याने १८३८ मध्ये अशा रीतीने प्रसिद्ध केले. थालबर्गने तर १८५३ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथमालेचे नावच 'पियानोवर गानकलेचा प्रयोग' या अर्थाचे ठेवले.

शोपँचे ई-फ्लॅट मेजरमधील नॉक्टर्न (कृती ९, क्रमांक २) या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि मारी प्लेयेल या पियानोवादिकेला अर्पण केलेली ही रचना अवघ्या ३४ मात्राखंडांची आहे. तिची मुख्य स्वरावली पुनःपुन्हा येते, पण प्रत्येक आवर्तनात तिच्यावरील अलंकार वाढत जातात. आपल्याकडील श्रोत्याला येथे गायक पदाच्या मुखड्याकडे दर वेळी नव्या वाटेने परततो त्याची आठवण व्हावी. अधिक महत्त्वाची बाब पुढे आहे. शोपँने शिष्यांना शिकविताना त्यांच्या छापील प्रतींवर स्वहस्ते निरनिराळे अलंकार लिहून दिले आणि ते परस्परांशी जुळत नाहीत. म्हणजे छापील प्रतीलाच सर्वस्व मानणाऱ्या संस्कृतीतही या रचनेचा एकमेव पाठ असा नाही. विद्यार्थ्याला निवड करावीच लागते आणि या निवडीतून अर्थनिर्णयाला आरंभ होतो.

शोपँच्या वादनातील लयीसंबंधी त्याच्या शिष्यांनी नोंदविलेली माहितीही येथे उपयोगी पडते. डाव्या हाताने लय स्थिर राखावी, उजव्या हाताने मात्र गायकाप्रमाणे थोडे रेंगाळावे किंवा पुढे जावे, अशी त्याची शिकवण होती. ठेका अढळ ठेवून त्यावर शब्द लयीच्या अंगाने खेळविणाऱ्या मराठी रंगभूमीवरील गायकनटाला ही शिकवण परकी वाटली नसती.

पेटीचे आगमन व रंगभूमी

हार्मोनियम हे नाव १८४० च्या दशकात पॅरिसमधील अलेक्झांडर दबँ याने रूढ केले. मूळ वाद्य पायांनी भाता चालवून वाजवावयाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यातील द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीने हाताने भाता मारण्याचे, जमिनीवर बसून वाजविता येईल असे रूप प्रचारात आणले. या बदलाचा सांगीतिक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. एक हात भात्यात गुंतल्यामुळे वादनासाठी एकच हात उरला आणि युरोपीय पद्धतीची स्वरसंवादाची साथ आपोआप गळून पडली. वाद्य एकसुरी रागरचनेच्या सोयीचे झाले ते असे, काहीसे यांत्रिक कारणाने. उलट, भाता हातात आल्याने स्वराचा श्वास वादकाच्या मनगटाशी थेट जोडला गेला. पियानोवादकाला जे कधीच मिळाले नाही, ते पेटीवादकाला येथे मिळाले : स्वर उमटल्यानंतरही त्याला वाढविणे व मावळविणे शक्य झाले.

मराठी संगीत रंगभूमीवर अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला. पुढील काळात पेटी व पायपेटी म्हणजेच ऑर्गन ही रंगभूमीची प्रमुख साथीची वाद्ये ठरली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) या परंपरेतील पहिले मोठे नाव होय. भास्करबुवा बखले यांची साथ त्यांनी केली, अल्लादिया खाँ यांची गायकी आत्मसात केली आणि साथीच्या वाद्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) या नाटकाच्या चालीही त्यांच्याच. पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याची वळणे त्यांनी या चालींत आणली. पेटीवादकानेच पदांना चाली द्याव्यात, ही घटना दुय्यम मानता येणार नाही. पट्टीवर बोट कोठे सहज जाते आणि कोठे अडते याची जाण असलेल्या माणसाच्या हातून त्या चाली घडल्या होत्या. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह टेंबे गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत सहभागी झाले. १९१६ मधील 'स्वयंवर'साठी भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशींवर आधारित चाली दिल्या आणि नाट्यपद अधिक रागप्रधान झाले.

एक पद, अनेक पाठ

'स्वयंवर'मधील यमन रागातील 'नाथ हा माझा' हे पद उदाहरणादाखल घेता येईल. पेटी शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी ते वाजविले आहे. पण त्यांनी नेमके काय वाजविले? नाटकाच्या पुस्तकात शब्द मिळतात व चालीचा निर्देश मिळतो. बालगंधर्व (१८८८–१९६७) रंगमंचावर पद गात तेव्हा प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'नुसार ते लांबत असे आणि दर वेळी नव्या जागा घेतल्या जात. ध्वनिमुद्रिकेवर तेच पद ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत, म्हणजे सुमारे तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावे लागे. पुढील पिढ्यांच्या हाती लागली ती तबकडी. रात्रभर रंगणाऱ्या प्रयोगातील पदाचा विस्तार, प्रसंगातील रुक्मिणीची मनःस्थिती, सारंगीने व ऑर्गनने भरलेल्या मधल्या जागा यांपैकी पुष्कळ काही त्या मेणाच्या खाचेत मावले नाही. तबकडीबरहुकूम वाजविणारा वादक प्रामाणिक असतो, परंतु त्याचा प्रामाणिकपणा तीन मिनिटांच्या संक्षेपाशी असतो. छापील नॉक्टर्नशी एकनिष्ठ राहणाऱ्या पियानोवादकाची स्थिती याहून फार वेगळी नाही. दोघांनाही मूळ म्हणून जे मिळते तो अनेक शक्यतांपैकी टिकून राहिलेला एक पाठ असतो.

दुसरी अडचण स्वरांची. पेटीच्या पट्ट्या समविभागी स्वरसप्तकात जुळविलेल्या असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० भागांवर पडतो, तर तंबोऱ्याच्या षड्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ वर असतो. यमनमध्ये गंधार हा वादी स्वर असल्याने १४ भागांचा हा चढेपणा ऐन मर्मावर येतो. पंचमाचा फरक केवळ दोन भागांचा, तो कुणाच्या कानी येत नाही. हा दोष दूर करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्या अभ्यासातून श्रुतींची पेटी तयार झाली व १९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत ती मांडली गेली. गवयांनी ती स्वीकारली नाही. पट्ट्यांची संख्या वाढवूनही स्वराकडे जाण्याची वाट पट्टीवर मिळत नव्हती, हे त्याचे एक कारण मानता येईल. रागातील गंधार हा एक बिंदू नसतो. तो कोठून येतो यावर त्याचे रूप ठरते.

वादकांनी शोधलेले मार्ग अधिक व्यवहारी होते. निषादावरून ऋषभ व ऋषभावरून गंधार घेताना आधीची पट्टी क्षणभर न सोडता पुढची दाबायची, म्हणजे दोन स्वरांतील फट कानाला जाणवत नाही. मुख्य स्वराआधी शेजारच्या स्वराचा निसटता कण लावायचा. मींड जेथे असावी तेथे भाता किंचित सैल सोडायचा आणि पुढच्या स्वरावर हलकेच भरायचा. श्रोत्याच्या मनात पदाची मूळ वळणे पक्की असतात, त्यामुळे उरलेली घसरण तो स्वतःच ऐकतो. ही फसवणूकच आहे, पण ती उभयपक्षी मान्य असलेली फसवणूक आहे. पियानोवर क्षीण होत जाणाऱ्या स्वराला पेडलने आधार देऊन तो 'गायला' असे भासविणारा वादक याच जातीचा.

शब्दांचा प्रश्न मात्र खास आपला. नाट्यपदाची ओढ शब्दांत असते आणि पेटीला शब्द नाहीत. एकाच स्वरावर चार अक्षरे येत असतील तर पट्टी चार वेळा, शक्यतो बोट बदलून, वाजवावी लागते. जोराच्या व्यंजनावर भात्याचा छोटा धक्का आणि दीर्घ स्वरावर संथ दाब द्यावा लागतो. पी. मधुकर या नावाने ओळखले गेलेले मधुकर पेडणेकर यांचा लौकिक या अंगासाठी आहे. बालगंधर्वांची पदे त्यांच्या पेटीतून शब्दांसह ऐकू येत, असे जुने रसिक सांगत. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना छोटा गंधर्वांचाही सहवास लाभला होता. गुरूची नक्कल आणि गायकाची नक्कल या दोन्हींच्या पलीकडे जाऊन बोरकरांनी नाट्यपदाचा रागाच्या अंगाने विस्तार केला. ते मूळचे गोव्यातील बोरीचे. ज्या गोव्यात चर्चच्या शाळांनी युरोपीय स्वरलिपी पिढ्यान्‌पिढ्या शिकविली, त्याच गोव्यातून स्वरलिपीबाहेरच्या जागा जपणारा हा वादक यावा, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

नभोवाणीवरील बंदी व तिचे परिणाम

वादकांनी ही तंत्रे घडविली तो काळ वाद्यासाठी प्रतिकूल होता. नभोवाणीत कार्यरत असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये हार्मोनियमवर कठोर टीका केली. रवींद्रनाथ ठाकूरही या वाद्याच्या विरोधात होते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. स्वातंत्र्यानंतरही ती कायम राहिली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर स्वतः मराठी होते, तरी मराठी रंगभूमीच्या या वाद्याला त्यांच्या कारकिर्दीत दार उघडले नाही. १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली, तीही मुख्यतः साथीपुरती.

बंदीमागील आक्षेप निराधार होते असे म्हणता येणार नाही, कारण गंधाराचा चढेपणा खरा आहे. परंतु वाद्याच्या दोषाची शिक्षा वादकांच्या कलेला झाली. याच तीन दशकांत पेटीवरील स्वतंत्र वादन परिपक्व होत होते. अप्पा जळगावकर (१९२२–२००९) साथीत आपली शैली घडवीत होते. बेळगावात रामभाऊ विजापुरे शिष्य तयार करीत होते. पुढे नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी वाद्याला 'संवादिनी' हे नाव देऊन त्याच्या स्वतंत्र वादनाचा आग्रह धरला. त्या काळातील गायनाचे, सारंगीचे, सतारीचे नमुने नभोवाणीच्या संग्रहात सापडतात. पेटीच्या स्वतंत्र वादनाचे तसे सापडत नाहीत. अभ्यासकाला व्यावसायिक तबकड्या, खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे आणि शिष्यांची स्मृती यांवरच विसंबावे लागते. एकाच गुरूचे दोन शिष्य एकच जागा वेगवेगळी वाजवितात तेव्हा चूक कोणाची हे विचारण्याचा मोह होतो. शोपँच्या शिष्यांच्या प्रती पाहिल्यावर तो मोह आवरावा लागतो, कारण गुरूने दोघांना दोन गोष्टी शिकविल्या असण्याची शक्यता तेवढीच आहे.

शिक्षणव्यवहारातील आजची स्थिती

थेरगाव, चिंचवड, पिंपरी या औद्योगिक पट्ट्यात कामगार व अभियंत्यांची कुटुंबे स्थिरावली, तशी संगीतवर्गांची संख्याही वाढली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना पेटी घेऊन बसणारे विद्यार्थी आणि लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या परीक्षांसाठी विजेच्या कीबोर्डवर सराव करणारे विद्यार्थी अशा शहरांत शेजारी-शेजारी राहतात. दोघांच्याही हातात छापील स्वरलिपी असते. पलुसकर आणि भातखंडे यांनी स्वरलेखनाचा पुरस्कार केला तो विद्या गुरुगृहाबाहेर पडावी म्हणून, आणि तसे घडलेही. मात्र 'नि रे ग' अशी तीन अक्षरे कागदावर पाहून तीन पट्ट्या दाबणाऱ्या विद्यार्थ्याला निषाद कधी सोडायचा हे कागद सांगत नाही. अनुभवी शिक्षक म्हणून आधी पेटी बंद करून ओळ गाऊन घेतात. आवाज बेसूर असला तरी चालतो, श्वास कोठे घेतला एवढेच ते पाहतात आणि भाता तेथेच भरायला सांगतात.

विजेच्या कीबोर्डला भाता नाही. त्याच्या डाव्या बाजूस मात्र बहुधा एक लहानसे चाक असते. ते फिरविले की दाबलेला स्वर खरोखरच घसरतो. शंभर वर्षे पेटीवादकांनी जी मींड केवळ भासाने निर्माण केली, ती या चाकाने प्रत्यक्षात मिळते. नाट्यपद वाजविणाऱ्या विद्यार्थ्याला ते कधी, किती आणि कोणत्या अक्षरावर फिरवावे, हे शिकविणारी परंपरा अद्याप तयार व्हावयाची आहे.