बाह्यरुग्ण मानसोपचार

रुग्णालयात दाखल न होता, ठरावीक दिवशी येऊन घेतलेले मानसिक आजारांवरील उपचार. नैराश्य, चिंताविकार, मुलांमधील अतिचंचलता अशा बहुतेक तक्रारींना हे उपचार पुरेसे पडतात. स्किझोफ्रेनियातही तीव्र टप्पा ओसरल्यावरचा लांबचा पल्ला इथेच गाठायचा असतो.

भारतात सर्वसाधारण रुग्णालयातील असा पहिला विभाग गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये कलकत्त्यात सुरू केला; मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तो १९३८ मध्ये आला. तापाखोकल्याच्या रुग्णांसोबत एकाच दारातून आत जाता येणे, ही यातली खरी मोठी गोष्ट. वेड्यांच्या इस्पितळाची धास्ती त्यामुळे कमी झाली.

मुलांच्या बाबतीत तपासणी एकट्या मुलाची नसते. आईवडिलांशी बोलणे, शाळेतली माहिती, मुलाचा खेळ आणि चित्रे यांतून प्रश्न उलगडतो. पुष्कळदा घरातल्या माणसांची एकमेकांशी बोलण्याची रीत बदलली, की मूलही सावरते. म्हणूनच कुटुंबाला सोबत बसवून केलेले समुपदेशन हा उपचाराचा गाभा मानायला हवा. गोळ्यांच्या चिठ्ठीची पुरवणी नव्हे.

तज्ज्ञ मात्र फार थोडे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने (स्थापना १९९६) गावातल्याच सामान्य व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर परिणामकारक समुपदेशन करता येते, हे प्राथमिक आरोग्य केंद्रांत सिद्ध केले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अशी सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. ‘टेली-मानस’ या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतून बोलता येते.