नुक्ता, कोसाइन आणि नासिर अहमद

मोबाईलवर काढलेला धडा मुलांना पाठवण्याआधी शिक्षक 'कॉम्प्रेस' दाबतो, तेव्हा तो बेंगळुरूच्या एका माणसाचं गणित वापरत असतो. नासिर अहमद, जन्म १९४०. उर्दू शाळांच्या भिंतींवर सर सय्यद, मौलाना आझाद, डॉ. कलाम असतात. हे नाव मी तरी कुठल्या भिंतीवर पाहिलेलं नाही.

अहमद बेंगळुरूला इंजिनिअर झाले, न्यू मेक्सिकोत पीएच.डी. केली आणि कॅन्ससमध्ये शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. तरी काम थांबलं नाही. जानेवारी १९७४ मध्ये 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हा निबंध छापून आला. त्यावर टी. नटराजन आणि के. आर. राव यांचीही नावं आहेत, त्यामुळे 'आपला माणूस' म्हणून एकट्याची मिरवणूक काढायचं कारण नाही.

सोपी म्हणजे किती? ७२०पी चित्रात सुमारे सव्वानऊ लाख ठिपके असतात. प्रत्येकाला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली तर दहा मिनिटांचे ४१ जीबी होतात. कोसाइनची युक्ती चित्राचे छोटे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला ठळक भाग व बारीक तपशील वेगळे करते. डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील मग टाकून देता येतो. शिवाय आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच साठवायचं. १९८८ चं एच.२६१, फोटोंचं जेपेग आणि २००३ चं एच.२६४ याच वाटेने आले, एच.२६४ मध्ये त्याच गणिताची पूर्णांकांतली सोपी आवृत्ती आहे. सेकंदाला ५०० किलोबिट ठेवले की ते ४१ जीबी साडेसदतीस एमबीवर येतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आमच्या भागात हा हिशेब सगळ्यांनाच करावा लागला. एटापल्ली, भामरागडकडे कितीतरी गावांत नेटवर्क टेकडीवर चढल्यावर मिळायचं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओची मर्यादा तेव्हा १६ एमबी होती. त्यात दहा मिनिटं बसवायची तर आवाजासकट सेकंदाला जेमतेम २१० किलोबिट हाती उरतात.

मराठीचा धडा त्यात निभावतो. उर्दूचं तसं नाही. बे, पे, ते यांचा सांगाडा एकच, फरक नुक्त्यांचा. खुदा आणि जुदा यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा. आणि 'बारीक तपशील' म्हणून यंत्र नेमकं तेच पुसट करतं! पहिलीच्या मुलाला पुसट अक्षर अंदाजाने वाचता येत नाही, कारण अंदाज बांधायला त्याच्याकडे अजून शब्दच नसतात.

म्हणून मी सहकाऱ्यांना सांगतो, आकार कमी करताना आधी फ्रेम कमी करा, ३० च्या १५. फळा कुठे पळून जात नाही. चित्र ३६०पीच्या खाली नेऊ नका आणि एका वेळी फळ्यावर तीन-चारच शब्द लिहा, मोठे. मोबाईल टेकवून ठेवा, हातात धरू नका. मोहाच्या झाडाखाली उभं राहून शिकवणं दिसायला छान, पण हलणारं प्रत्येक पान तुमचे किलोबिट खातं आणि ते नुक्त्यांच्याच वाट्यातून जातात. मागे साधी भिंत बरी.

निर्यात करताना एमपी४ आणि एच.२६४ निवडा, नवे फोन एच.२६५ मध्ये चित्रण करतात, ते जुन्या मोबाईलवर अडतं. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये 'वेब ऑप्टिमाइज्ड' अशी चौकट आहे, तिच्यावर खूण करा. फाइलची अनुक्रमणिका एरवी शेवटी असते, ती त्याने सुरुवातीला येते आणि पूर्ण फाइल उतरायची वाट न बघता धडा सुरू होतो. टेकडीवर उभ्या असलेल्या पोराला तेवढीही वाट बघायला लावू नये.