सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला आणि विद्याग्रंथांच्या खर्चाचा प्रश्न

विद्याग्रंथाची पहिली प्रत सिद्ध होईपर्यंतचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न जुना आहे. हस्तलिखितांचा मेळ, पाठनिश्चिती, जुळणी व मुद्रितशोधन यांस लागणारे द्रव्य शंभर प्रती खपोत वा हजार, तेवढेच राहते. वाचक थोडे असले की हा सारा भार त्या थोड्यांवर पडतो. ग्रंथ महाग होतो आणि वाचक आणखी घटतात. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग आठ दशकांपूर्वी सोलापुरात चोखाळला गेला.

आपल्या संपत्तीचा विनियोग कोणत्या कार्यासाठी करावा, याविषयी येथील ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० पासून देशभरच्या जैन विद्वानांची मते घेतली. १९४१ मध्ये नाशिकजवळील गजपंथ या तीर्थक्षेत्री विद्वानांची सभा भरली व तीतून जैन संस्कृती संरक्षक संघाचा जन्म झाला. दोशींनी प्रथम ३०,००० रुपये दिले आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता संघाच्या स्वाधीन केली. जीवराज जैन ग्रंथमाला याच निधीतून चालली. तिचे संपादन आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन या प्राकृताच्या अधिकारी पंडितांकडे होते.

‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग १९४३ मध्ये व दुसरा १९५१ मध्ये निघाला. आसामचे कृष्णकांत हंदिकी यांचा यशस्तिलकावरील प्रबंध १९४९ मध्ये, तर प. ल. वैद्य यांनी संपादिलेले त्रिविक्रमाचे प्राकृत व्याकरण १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ खपाच्या भरवशावर असे व्याकरण छापण्यास कोणता प्रकाशक धजला असता? निधी आधी उभा होता, म्हणूनच निवडीचा निकष विक्री न राहता विद्या हा राहू शकला.

तथापि या व्यवस्थेस दोन मर्यादा होत्या. ग्रंथ विकतच घ्यावे लागत आणि प्रती मोजक्याच असत. शिवाय सारा डोलारा एका व्यक्तीच्या त्यागावर उभा होता. असे दाते वारंवार लाभत नाहीत.

अलीकडे परदेशी ग्रंथालयांनी हाच भार वाटून घेण्याचा उपक्रम केला. ‘नॉलेज अनलॅच्ड’च्या २०१४ मधील पहिल्या प्रयोगात २४ देशांतील सुमारे ३०० ग्रंथालयांनी वर्गणी देऊन २८ ग्रंथ सर्वांस विनामूल्य खुले केले. २०२१ मध्ये एम.आय.टी. प्रेसने आरंभिलेल्या योजनेत वर्गणीदार ग्रंथालयांस जुन्या ग्रंथांचा लाभही देऊ केला. ‘ग्रंथ फुकटच मिळणार, तर वर्गणी कशाला?’ या शंकेस ते व्यवहारी उत्तर होते.

मराठी विद्यापीठांच्या ग्रंथालयांपुढील अडचण मात्र द्रव्याची तितकी नाही, जितकी हिशेबाची आहे. खरेदीच्या खर्चापोटी दाखल नोंदवहीत ग्रंथ दाखविता येतो. सर्वांस खुल्या असलेल्या ग्रंथासाठी दिलेली वर्गणी कोणत्या शीर्षाखाली घालावी? हे शीर्ष निर्माण झाल्यास खरेदीतील अल्प अंश एकत्र करून बोलींचे कोश व शिलालेखांचे संग्रह आधी सिद्ध करता येतील. दोशींनी एकट्याने जे केले, ते अनेकांनी थोडे थोडे करावयाचे आहे. न खपणारा ग्रंथ अनावश्यक नसतो, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या हिशेबांनीही ते ओळखावयास हवे.