बेरी फुटबॉल क्लब
इंग्लंडमधील एक जुना फुटबॉल संघ. मँचेस्टरच्या उत्तरेस असलेल्या बेरी या कापडगिरण्यांच्या नगरात १८८५ मध्ये त्याची स्थापना झाली. गिग लेन हे त्याचे क्रीडांगण होय. १८९४ मध्ये त्यास फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. एफ. ए. चषक त्याने दोनदा जिंकला : १९०० मध्ये साउथॅम्प्टनवर ४–० व १९०३ मध्ये डार्बी कौंटीवर ६–० असा. १९०३ च्या स्पर्धेत संघाने स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. १९२९ नंतर मात्र तो पहिल्या श्रेणीत परतू शकला नाही. २०१९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत बढती मिळूनही देणी भागविण्याची ऐपत सिद्ध न झाल्याने २७ ऑगस्ट रोजी त्यास लीगमधून काढून टाकण्यात आले. चाहत्यांनी वेगळा संघ उभारून खेळ चालू ठेवला व २०२३ मध्ये त्यांच्या संस्थांच्या विलीनीकरणानंतर जुन्याच नावाने गिग लेनवर पुन्हा सामने होऊ लागले.