विमानभाड्याच्या आधीचे भाडे

धाराशिव जिल्ह्यापुरता स्वस्त विमान तिकिटाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ विमानतळापासून करता येत नाही, कारण नियमित प्रवासी विमानसेवा या जिल्ह्यात कधी रुजलीच नाही. येथील प्रवाशाच्या हिशेबात विमान कंपनीच्या भाड्याअगोदर पुणे, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठण्याचे एसटीचे वा रेल्वेचे भाडे, आणि पहाटेचे उड्डाण असल्यास आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च येऊन बसतो. हे जमिनीवरचे भाडे वगळून काढलेला स्वस्ताईचा कोणताही आकडा या भागापुरता अपुराच राहतो.

ज्या सातव्या निजामाच्या, म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या, नावावरून धाराशिवला उस्मानाबाद म्हटले गेले (२०२३ मध्ये मूळ नाव परत आले), त्यांच्या संस्थानाकडे रेल्वे, बस आणि विमान ही तिन्ही साधने होती. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये अवघ्या २७ गाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली आणि १९४५ मध्ये टाटांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी उभी राहिली, जिचे मुख्य ठाणे हैदराबादच्या बेगमपेठेत होते. तिन्ही साधनांची सोय राजधानीभोवती एकवटलेली असताना पश्चिम टोकाच्या या जिल्ह्याच्या वाट्याला मात्र एका खासगी ब्रिटिश कंपनीची बार्शी लाइट रेल्वे आली. रुळांमधील अंतर जेमतेम अडीच फूट असलेली ही अरुंदमापी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली, पुढे १९११ मध्ये लातूरला पोचली. जिल्ह्याच्या मुख्य गावाला तिने बाजूलाच ठेवले आणि ते रेल्वेच्या नकाशावर आले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, मार्ग रुंदमापी झाल्यावर. मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्या माणसाला कितीतरी पिढ्या आधी एसटी, मग कुर्डुवाडी किंवा सोलापूरची गाडी, असा टप्प्याटप्प्याने प्रवास करावा लागला तो यामुळे.

१९५३ च्या कायद्याने डेक्कन एअरवेजसह देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे गेली. पुढची सुमारे चार दशके भाडे शोधण्याचा प्रश्नच नव्हता. दोन शहरांमधील दर ठरलेला असे, आणि स्वस्त तिकीट म्हणजे विद्यार्थी, सैनिक किंवा कर्करुग्ण यांसारख्या गटांसाठी असलेली सवलत, जिच्यासाठी बाजारभावाची नव्हे तर दाखल्याची गरज लागे.

स्वस्त विमान कंपन्या येण्याआधी जिल्ह्यातील सामान्य माणसाला विमानात बसवणारी व्यवस्था शोधली तर ती हज यात्रेत सापडते. पूर्वी मराठवाड्यातील यात्रेकरू मुंबई बंदरातून जहाजाने जेद्दाला जात. १९९५ मध्ये सागरी प्रवास बंद झाल्यावर सर्वांना विमानानेच जावे लागले. हज समितीमार्फत जाणाऱ्याने तिकिटाची घासाघीस करायची नसे. अर्ज जास्त आल्यास सोडत निघे, नाव लागले की ठरलेली रक्कम भरायची, आणि प्रत्यक्ष भाडे व ही रक्कम यांतील फरक केंद्र सरकार अनुदान म्हणून सोसत असे. यात्रेच्या हंगामातील विशेष उड्डाणे मोजक्याच कंपन्यांकडे असल्याने या अनुदानाचा खरा लाभ यात्रेकरूला मिळतो की विमान कंपनीला, अशी टीका मुस्लिम समाजातूनही होत राहिली, आणि ती निराधार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्यास सांगितले. सरकारने ते २०१८ मध्येच थांबवले. अनुदान चालू असतानाच औरंगाबादहूनही (आताचे छत्रपती संभाजीनगर) हजची उड्डाणे सुरू झाल्याने मराठवाड्यातील यात्रेकरूंचा मुंबईपर्यंतचा फेरा वाचला.

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ मध्ये चित्र पालटले. फुकट जेवण नाही, आसनांचा एकच वर्ग, विक्रीत मध्यस्थ कमीत कमी, अशी काटकसर करून या कंपनीने काही जागा एक रुपया मूळ भाड्यालाही विकल्या, अर्थात कर आणि अधिभार वेगळे. त्यामागची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुजली होती: एकाच विमानातील जागांचे वेगवेगळ्या दरांचे गट पाडायचे आणि स्वस्त गट संपला की पुढच्या महाग गटाची विक्री सुरू करायची. त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांचे भाडे सारखे नसू लागले आणि लवकर ठरवणाऱ्याला फायदा होऊ लागला. पाऊस, पेरणी आणि बाजारातील शेतमालाचा भाव पाहून हातात पैसा खेळणाऱ्या घराला दोन महिने आधी तारीख ठरवणे कठीण जाते. निकडीच्या प्रसंगी निघणाऱ्याच्या वाट्याला शेवटचा, महागडा गट येतो. संगणकीय दरपत्रकाला हंगाम कळतो, पण तो सणासुदीचा, खरिपाचा नव्हे.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने, सुमारे तासाभराच्या उड्डाणातील निम्म्या जागांसाठी, भाड्याची मर्यादा साधारण २,५०० रुपये ठरवली. मर्यादेमुळे येणारी तूट भरून देणाऱ्या रकमेला व्यवहार्यता तफावत निधी म्हणतात. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी ज्या पहिल्या उड्डाणांना हिरवा झेंडा दाखवला त्यांत नांदेड–हैदराबाद हे मराठवाड्यातील उड्डाण होते. धाराशिवची धावपट्टी मात्र २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती आणि यवतमाळ यांच्यासह एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली होती, आणि तिच्यावर प्रवासी विमान उतरण्याची वाट जिल्हा पाहतच राहिला.

जिल्ह्याला खरी आशा होती ती सोलापूरची, कारण तुळजापूरहून ते शहर सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तेथील विमानतळाच्या वाटेत श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी अडथळा ठरली. ऊस उत्पादक सभासदांचा विरोध, न्यायालयीन लढाई आणि मोठे राजकारण यांनंतर ती १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ज्या उसावर या पट्ट्यातील अनेक घरांच्या हाती पैसा येतो त्याच उसाचा कारखाना आणि विमान यांच्यात निवड करण्याची वेळ यावी, हा या इतिहासातील सर्वांत कडवट प्रसंग होय. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. तुळजापूरकरासाठी विमानाआधीचे भाडे त्यामुळे तासाभराच्या एसटीवर आले. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील उमरग्याचा प्रवासी मात्र अजूनही सोलापूर आणि हैदराबाद अशी दोन विमानतळांची भाडी एकमेकांशेजारी मांडतो, आणि प्रत्येकापुढे बसचे भाडे मिळवतो.