एका आसाचे दोन कारभारी

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या परिसरात पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर फसला, की जाणता चालक काय करतो? तो चाके सरळ करतो, वेग कमी करतो आणि टाचेने डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतो. मागची दोन्ही चाके बरोबरीने फिरू लागतात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. या पेडलमागे जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिची चाके आसावर स्वतंत्र फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त धावले तरी बिघडत नाही. यंत्राने एकाच आसावरची दोन चाके फिरवायची ठरली, तेव्हा अडचण आली. १८२८ मध्ये फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची जुळणी शोधली. तीच डिफरन्शियल.

पण या सोयीत एक खोट होती. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात गेले की ते नाममात्र जोराने गरगरते आणि कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो. गाडी जागची हलत नाही.

१९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्श यांनी आखलेल्या ऑटो युनियनच्या १६ सिलिंडरच्या शर्यतीच्या गाड्यांना हीच खोट नडली. वळणातून बाहेर पडताना आतले चाक जागीच फिरे. त्यावर १९३५ मध्ये जर्मनीच्या झेडएफ कंपनीने लिमिटेड स्लिप डिफरन्शियल तयार करून दिले. दोन चाकांच्या वेगात फरक पडू द्यायचा, पण मर्यादेत, हे त्याचे सूत्र. १९५६ मध्ये अमेरिकेत पॅकार्डच्या प्रवासी मोटारींतही ते आले.

पुढे इलेक्ट्रॉनिक्स आले. १९७८ मध्ये बॉशची एबीएस ब्रेक यंत्रणा मर्सिडीजमध्ये बसली आणि चाकांचा वेग मोजणारा सेन्सर मिळाला. त्याच्याच आधारे १९८० च्या दशकात ट्रॅक्शन कंट्रोल आले. घसरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावायचा किंवा इंजिनाचा जोर कमी करायचा, ही त्याची रीत. ब्रेक लागलेल्या चाकाला फिरवायला जास्त जोर लागतो आणि तेवढाच जोर आपोआप दुसऱ्या चाकालाही मिळतो.

मग जुन्या यंत्राची गरज संपली का? तसे नाही. ब्रेक लावून मिळवलेल्या पकडीत इंजिनाची ताकद वाया जाते आणि बराच वेळ चिखल तुडवला तर ब्रेक तापतात. उलट, दात्यांवर चालणाऱ्या काही लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचे चाक हवेत लटकले की काहीच चालत नाही; तिथे त्या चाकाला हलका ब्रेक लागला की ते पुन्हा कामाला लागते. म्हणजे दोघे एकमेकांना पूरक आहेत.

पण आधी कोणी पुढे व्हायचे, हे ठरलेले हवे. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्राच्या थारचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये तिच्या मागच्या आसाला ईटनचे आपोआप लागणारे यांत्रिक लॉक आले. दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांवर गेला की ते लागते. २०२० च्या नव्या थारच्या काही प्रकारांत ब्रेकवर चालणारी इलेक्ट्रॉनिक योजनाही आली. आता, ब्रेकने घाई केली तर फरक १०० फेऱ्यांपर्यंत पोचणारच नाही आणि लॉक लागणारच नाही. ब्रेक किती थांबेल, हे संगणकाला आधीच शिकवावे लागते.

वेगात गोष्ट उलटते. आस लॉक असेल तर दोन्ही चाके एकमेकांना बांधलेली राहतात. मग एबीएसने एकाच चाकाचा ब्रेक सैल करून काय उपयोग? म्हणूनच असे लॉक ठरावीक वेगावर सुटते किंवा लागतच नाही.

ट्रॅक्टरवर मात्र हे ठरवणारा संगणक नसतो. तिथे चिखल सुटला की पेडलवरचा पाय काढायचा, लॉक सुटल्याची खात्री करायची आणि मगच वळायचे. लॉक लागलेला ट्रॅक्टर वळणावर सरळ जायला पाहतो. बांधाच्या कडेला तेवढेही जिवावर बेतू शकते.